वापरलेल्या कपड्याची बोली : ऑनलाइन लिलावाचा आढावा

वापरलेल्या कपड्याला ठरलेली किंमत नसते. नव्या कपड्यावर किमतीची चिठ्ठी असते. तो एकदा अंगावर चढला की त्या चिठ्ठीचा अर्थ संपतो. मग त्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते : तो किती झिजला आहे, त्याच्यासारखा दुसरा किती सहज मिळतो आणि तो नेमका कोणाला हवा आहे. पहिल्या दोन गोष्टी कपडा पाहून आणि बाजारात चौकशी करून कळतात. तिसरी कळण्यासाठी तो हवा असलेला माणूस गाठावा लागतो. ऑनलाइन लिलाव हे असा माणूस शोधण्याचे साधन आहे. कपाटात पडून राहिलेले कपडे लिलावात विकणाऱ्यांच्या यशापयशाचे कारण बहुधा इथेच सापडते. ज्या कपड्यासाठी किमान दोघे अडून बसतात, त्याचा भाव चढतो. ज्याला एकच गिऱ्हाईक आहे, तो पहिल्या बोलीलाच जातो.

लिलाव घराघरांत कसा पोहोचला

ऑनलाइन लिलावाचा सर्वसामान्यांपर्यंतचा प्रवास ईबेपासून सुरू होतो. सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पिअर ओमिड्यार या संगणक प्रोग्रामरने ‘ऑक्शनवेब’ सुरू केले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, त्याला १४.८३ डॉलर मिळाले. बिघडलेली वस्तूही कोणाला तरी हवी असू शकते, हे या पहिल्याच विक्रीने दाखवले. १९९७ मध्ये ऑक्शनवेबचे नाव ईबे झाले आणि १९९८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. जपानमध्ये १९९९ पासून याहू ऑक्शन्सने हेच काम केले.

सुरुवातीच्या वर्षांत या बाजारावर खेळणी, नाणी, जुनी पोस्टकार्डे अशा संग्राह्य वस्तूंचे वर्चस्व होते. संग्राहकाला नेमकी कोणती वस्तू हवी हे ठाऊक असते, ती दुकानात मिळत नाही आणि तिच्यामागे दुसराही कोणी असतो. लिलावाला लागणाऱ्या तिन्ही अटी तिथे आपोआप पुऱ्या होत. कपड्यांपैकी ज्यांना या अटी लागू पडतात, त्यांनाही तसेच भाव मिळाले. लिवाय स्ट्रॉस कंपनीने २००१ मध्ये आपलीच १८८० च्या दशकातली एक जीन्स ईबेच्या लिलावात ४६,५३२ डॉलरला विकत घेतली. नेवाडातील एका जुन्या खाणगावात सापडलेली ती जीन्स कामाची पँट म्हणून तिचे दिवस संपल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी विकली गेली. कंपनीला ती आपल्या इतिहाससंग्रहासाठी हवी होती. कपड्याची उपयोगिता आणि त्याची लिलावातली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून स्पष्ट दिसते.

बोलीचे तंत्र

गावच्या लिलावात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ झाले आणि कोणी पुढे बोलले नाही की वस्तू शेवटच्या बोलीदाराची होते. ऑनलाइन लिलावात हे काम घड्याळ करते. ईबेवर विक्रेता एक, तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांची मुदत निवडतो आणि ती संपताक्षणी सर्वांत वर असलेली बोली जिंकते.

बोलीदाराला सतत पडद्यासमोर बसावे लागत नाही. तो आपली कमाल किंमत एकदाच नोंदवतो. ती इतरांना दिसत नाही आणि व्यवस्था त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत राहते. समजा, एका कोटाची आरंभीची बोली ५ पौंड आहे. एका बाईंनी कमाल २० पौंड नोंदवले, दुसऱ्या बाईंनी २८. बोलीची पायरी १ पौंडाची असेल, तर कोट दुसऱ्या बाईंना २८ ला नव्हे, २१ ला मिळतो. म्हणजे जिंकणारा आपली नव्हे, हरलेल्याची कमाल किंमत देतो आणि वर एक पायरी. या पद्धतीमागचा सिद्धांत अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये मांडला होता. १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असली की बोलीदाराला आपली खरी कमाल किंमत सांगण्यात तोटा नसतो, हा त्याचा गाभा.

विक्रेत्यासाठी यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अंतिम किंमत सर्वांत उत्सुक माणसावर ठरत नाही, त्याच्या मागोमाग असलेल्या दुसऱ्यावर ठरते. एखाद्या कपड्यासाठी शंभर पौंड द्यायला तयार असलेला माणूस असूनही दुसरे कोणी नसेल, तर तो कपडा पाच पौंडांना जाऊ शकतो. म्हणून लिलाव मांडताना कपडा कितीजणांच्या नजरेला पडेल, हा प्रश्न कपडा किती चांगला आहे या प्रश्नाइतकाच मोठा असतो.

शेवटच्या काही सेकंदांत बोली लावण्याची सवयही याच रचनेतून आली. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ईबे आणि ॲमेझॉनचे तेव्हाचे लिलाव ताडून पाहिले. ॲमेझॉनवर अखेरच्या क्षणी बोली आली की मुदत आपोआप वाढत असे. ईबेवर ती ठरल्या वेळी संपे. शेवटच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण ईबेवर बरेच जास्त आढळले. त्यामुळे सहा दिवस बोली हललीच नाही म्हणून विक्रेत्याने निराश होण्याचे कारण नसते. पुष्कळ वेळा खरी चुरस शेवटच्या मिनिटात होते.

कोणता कपडा लिलावाला योग्य

लिलावाला दुर्मिळ कपडा मानवतो. बंद झालेल्या मालिकेतला कोट, नामांकित डिझायनरचा पोशाख, विशिष्ट दशकातली जीन्स, फुटबॉल क्लबची जुनी जर्सी, हातमागाचे वा भरतकामाचे जुने वस्त्र यांना ठरलेला बाजारभाव नसतो आणि शोधणारे असतात. इथे विक्रेत्याला किंमत माहीत नसली तरी चालते. ती शोधण्याचे काम बोलीदार करतात.

मात्र आपल्या हातात काय आहे, हे ओळखावे लागते. कपड्याच्या आत शिवलेल्या पट्ट्या यासाठी सर्वांत उपयोगी पडतात. लिवायच्या जीन्सच्या मागच्या खिशावरील लाल पट्टीवर नाव पूर्ण कॅपिटल अक्षरांत असेल, तर ती साधारण १९७१ पूर्वीची असण्याची शक्यता मोठी असते. त्यानंतर ‘ई’ हे अक्षर लहान झाले. जुन्या ढंगाची नवी उत्पादनेही तशी पट्टी लावतात, म्हणून तेवढ्या एका खुणेवर विसंबता येत नाही. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांची कायमची पट्टी कपड्यात शिवणे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीचे झाले. अशी पट्टी मुळातच नसणे ही जुनेपणाची एक खूण ठरू शकते. चेन धातूची आहे की नायलॉनची, शिवण कशी आहे, देशाचे नाव काय छापले आहे, यांवरूनही काळ कळतो.

साध्या कपड्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या दुकानसाखळीतला काळा टी-शर्ट एकाच वेळी शेकडो लोक विकत असतात. गिऱ्हाईक सात दिवस वाट पाहून बोली का लावील? असा कपडा ठरलेल्या किमतीला विकणे बरे. लहान मुलांच्या कपड्यांना तिसरा मार्ग सोयीचा पडतो. ते झिजण्याआधी आखूड होतात, एकेक विकून टपालखर्चही निघत नाही. पण ‘तीन ते सहा महिने, दहा कपडे’ असा जुडगा केला तर घेणारा आणि देणारा दोघांचाही फायदा होतो.

हाताऐवजी शब्द आणि फोटो

दारावर आलेली बोहारीण साडी हातात घेते, उजेडात धरते, निऱ्यांचा भाग विरला आहे का पाहते, काठ चाचपते आणि मगच पातेले पुढे करते. ऑनलाइन गिऱ्हाईकाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या हाताचे काम विक्रेत्याच्या शब्दांना आणि फोटोंना करावे लागते. विक्रीची खरी मेहनत इथे आहे.

सर्वांत आधी माप. छापील साइज फसवी असते. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीच्या ‘लार्ज’एवढा निघतो आणि जुन्या काळचे आकडे आजच्या आकड्यांशी जुळत नाहीत. म्हणून कपडा सपाट पसरून टेपने मापे घेतात : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतची छाती, खांदा, बाही, उंची, कंबर आणि पँट असेल तर आतल्या शिवणीची लांबी. सपाट मोजलेली छाती दुप्पट केली की घेर मिळतो. दिलेला आकडा सपाट आहे की पूर्ण घेराचा, हे लिहिले नाही तर तक्रार ठरलेली.

दुसरी गोष्ट दोष. काखेतला पिवळट डाग, झिजलेली कॉलर, उसवलेली शिवण, लोकरीवर आलेले गोळे, तुटलेले बटण, रफू केलेली जागा, कपाटात बसलेला डांबरगोळ्यांचा वास हे सर्व लिहावे आणि वास सोडून बाकी सर्व फोटोत दाखवावे. दोष लपवून थोडी जास्त बोली मिळते, पण कपडा परत येतो, टपालखर्च अंगावर पडतो आणि विक्रेत्याच्या खात्यावर वाईट अभिप्राय राहतो. दोष आधीच सांगितलेला असला की तो किमतीत धरला जातो आणि भांडण उरत नाही.

तिसरी गोष्ट फोटो. कपडा धुऊन, इस्त्री करून, खिडकीच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर ठेवावा. समोरून, मागून, आतली पट्टी, कापडाचा पोत आणि प्रत्येक दोष असे वेगवेगळे फोटो लागतात. रंग प्रत्यक्षापेक्षा वेगळा दिसत असेल तर शब्दांत सांगावे. शीर्षकात विशेषणे नकोत. ‘सुंदर’, ‘आकर्षक’ असे शब्द टाकून कोणी शोधत नाही. कंपनी, प्रकार, रंग, कापड, साइज आणि काळ टाकून शोधतात. शीर्षकातले हिज्जे चुकले, तर कपडा शोधणाऱ्याला दिसतच नाही आणि लिलावातला तो दुसरा, भाव चढवणारा बोलीदार आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आरंभीची बोली, मुदत आणि खर्च

आरंभीची बोली किती ठेवावी, याला दोन बाजू आहेत. ती कमी असली की जास्त लोक सामील होतात आणि एकमेकांना पाहून भाव चढतो. जिलियन कू आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या संशोधनाने याला दुजोरा दिला. पण त्याच संशोधनानुसार, सामील होण्यात अडथळा आला तर हा फायदा नाहीसा होतो. म्हणून मागणी असलेल्या कपड्याला कमी आरंभ परवडतो. फार थोड्यांना हवा असलेला कपडा मात्र ज्या किमतीखाली द्यायचा नाही तिच्यापासूनच सुरू करावा.

मुदतीत किमान एक सुटीचा दिवस आणि शेवट लोक घरी असतील अशा वेळी, हा नियम विक्रेते सहसा पाळतात. ऋतू त्याहून महत्त्वाचा असतो. लोकरी कोट उन्हाळ्यात मांडला तर तो हवा असणारे दोघे त्या आठवड्यात सापडणे कठीण.

टपालखर्च आधी मोजून ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये रॉयल मेलच्या ‘लार्ज लेटर’ प्रकारात २.५ सेंटिमीटरपर्यंत जाडीचे आणि ७५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट जाते. नीट घडी घातलेला टी-शर्ट त्यात मावतो, जाड स्वेटर मावत नाही. स्वस्त कपड्याच्या विक्रीत नफा राहील की नाही, हे घडीच्या जाडीवर ठरू शकते.

मंचाच्या शुल्काचे गणित अलीकडे बदलले आहे. ईबेने खासगी विक्रेत्यांचे विक्रीशुल्क जर्मनीत २०२३ मध्ये काढून टाकले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या कपड्यांवरचे आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून बहुतेक सर्व वस्तूंवरचे शुल्क गेले. त्याची भरपाई पुढे खरेदीदाराकडून घेतल्या जाणाऱ्या संरक्षणशुल्कातून होऊ लागली. कराबाबत ब्रिटनमध्ये २०२४ पासून वर्षाला ३० किंवा अधिक विक्री करणाऱ्यांची माहिती मंचांना करखात्याला द्यावी लागते. मात्र स्वतःसाठी घेतलेले कपडे मूळ किमतीपेक्षा कमी दराने विकणे हा सहसा व्यापार मानला जात नाही. विकण्याच्या हेतूने कपडे विकत घेणे हा व्यापार ठरतो.

विश्वास आणि फसवणूक

अनोळखी माणसाला पैसे आधी देऊन न पाहिलेला कपडा घेणे, हा व्यवहार अभिप्रायांच्या नोंदीवर उभा आहे. ईबेने ही पद्धत १९९६ मध्येच आणली. पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी जुन्या पोस्टकार्डांवर प्रयोग केला : एकसारखीच कार्डे एका नामवंत खात्यावरून आणि काही नव्या खात्यांवरून विकली. जुन्या खात्याला खरेदीदार ८.१ टक्के जास्त द्यायला तयार होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपला सर्वांत मौल्यवान कपडा पहिल्यांदा मांडू नये, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. आधी दहा-वीस साधे कपडे नीट पाठवावेत, खाते जमवावे, मग ठेवणीतले काढावे.

फसवणुकीचे प्रकार दोन्ही बाजूंना आहेत. विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच्याच वस्तूवर बोली लावून भाव फुगवणे मंचांच्या नियमांत बसत नाही आणि ब्रिटनमध्ये तो गुन्हाही आहे. तिथे २०१० मध्ये एका विक्रेत्याला यासाठी ५,००० पौंड दंड झाला. नामांकित ब्रँडच्या नकला हा कपड्यांच्या बाजारातला सर्वांत जुना रोग. त्यावर उपाय म्हणून ईबेने २०२० पासून महाग स्नीकर आणि पुढे हँडबॅगा तज्ज्ञांकडून तपासून पुढे पाठवण्याची सोय केली. खरेदीदारांकडून होणारी फसवणूक म्हणजे कपडा घालून परत करणे किंवा मिळालाच नाही असे सांगणे. टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक, पाठवण्यापूर्वीचे फोटो आणि सर्व बोलणे मंचावरच ठेवणे, ही त्यापासूनची साधी आणि पुरेशी काळजी.

लिलावाची पीछेहाट

ईबेने २००० मध्ये ‘लगेच विकत घ्या’ ही सोय आणली, तेव्हापासून लिलावाचा वाटा घटत गेला. लिरान आयनाव आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने त्याचे मुख्य कारण खरेदीदारांच्या आवडीत शोधले : लिलावातली गंमत ओसरली आणि ताबडतोब मिळण्याची सोय महत्त्वाची झाली. शिवाय ज्या वस्तूंचे भाव एका शोधात कळू लागले, त्यांचा भाव शोधायला लिलावाची गरज उरली नाही.

कपड्यांचे नवे मंच यामुळे ठरलेल्या किमतीवर उभे राहिले. लिथुआनियातील विल्नियसमध्ये २००८ मध्ये मिल्डा मित्कुटे यांना घर बदलताना जास्तीचे कपडे काढायचे होते. त्यातून व्हिंटेड जन्माला आले. तिथे विक्रेता किंमत सांगतो, खरेदीदार कमी किमतीचा प्रस्ताव देतो आणि शुल्क खरेदीदार भरतो. इटलीत २०११ मध्ये निघालेले डेपॉप तरुणांच्या जुन्या फॅशनचा बाजार झाले. २०२१ मध्ये एट्सीने ते १.६ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतले. लिलाव संपला मात्र नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या व्हॉटनॉटसारख्या मंचांवर विक्रेता कॅमेऱ्यासमोर कपडा फिरवून दाखवतो आणि काही सेकंदांच्या लिलावात तो विकतो. गावच्या लिलावातला आवाज आणि समोरासमोरचे प्रश्न तिथे परत आले आहेत.

भारत आणि मराठी घरे

भारतात ऑनलाइन लिलावाची पायाभरणी मुंबईत झाली. अवनीश बजाज आणि सुविर सुजान यांनी २००० मध्ये बाझी डॉट कॉम सुरू केले. २००४ मध्ये ते सुमारे ५ कोटी डॉलरला ईबेने घेतले. ईबेचा भारतातला व्यवसाय २०१७ मध्ये फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. ठरलेल्या किमतीचे पॉशमार्क २०२१ मध्ये भारतात आले आणि २०२३ मध्ये परत गेले. आज इथली वापरलेल्या कपड्यांची ऑनलाइन विक्री बरीचशी इन्स्टाग्रामवरच्या छोट्या दुकानांतून होते. तिथे आधी संदेश पाठवील त्याला कपडा मिळतो.

मोठे मंच इथे टिकले नाहीत, याचे एक कारण कुरिअरचा खर्च. दोनशे रुपयांच्या कुर्त्यावर ऐंशी-शंभर रुपये पाठवणीला गेले, तर व्यवहारात काही उरत नाही. दुसरे कारण असे, की मराठी घरात नको असलेल्या कपड्याचे मार्ग आधीच ठरलेले असतात. तो धाकट्याला जातो, कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलांना जातो, बोहारणीकडे जाऊन भांडे होतो, मऊ सुती साडी असेल तर गोधडीत जाते आणि शेवटी पायपुसणे होते. अनोळखी माणसाने वापरलेले घालण्याचा संकोच अजून आहे, पण तरुण पिढीत तो ओसरतो आहे.

एका वस्त्राच्या बाबतीत मात्र ऑनलाइन लिलाव इथल्या लोकांना विशेष जवळचा ठरू शकतो. साडीला शरीराचे माप लागत नाही, त्यामुळे दूरवरून कपडे विकण्यातली सर्वांत मोठी अडचण तिच्यात नाहीच. पाचवार की नववार, ब्लाउजपीस आहे का, फॉल-पिको झाले आहे का, काठ-पदराची जर चांदीची आहे की टेस्टेड, घडीवर रेशीम चिरले आहे का, एवढे सांगितले की वर्णन पुरे होते. विंटेज साड्या आंतरराष्ट्रीय मंचांवर अनेक वर्षे विकल्या जात आहेत. काही नेसण्यासाठी जातात, बऱ्याच कापड म्हणून. आजीची जुनी पैठणी जरीवाल्याला वजनावर देण्याआधी ती वस्त्र म्हणून कोणाला हवी आहे का हे पाहणे, हा लिलावाचा सर्वांत सार्थ उपयोग आहे. जरीवाला तिच्यातल्या चांदीचे पैसे देतो. विणकामाचे मोल जाणणारा बोलीदार विणकामाचे देतो.

विक्रीची मर्यादा

कपडा दुसऱ्या अंगावर गेला म्हणजे त्याचे आयुष्य वाढले, हे खरे. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या कच्च्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा कपड्यात येतो. त्यामुळे कपडा आहे तसा वापरणे हाच सर्वांत चांगला पुनर्वापर. पण विकून आलेल्या पैशांतून आणखी नवे कपडे घेतले, तर कपाट पुन्हा भरते आणि साध्य काहीच होत नाही. ज्यांना कोणी घेत नाही अशा कपड्यांचे गठ्ठे घानातील आक्रा शहराच्या कांटामांटो बाजारात पोहोचतात, लोकरीचे पानिपतमध्ये येऊन त्यांचे धागे आणि घोंगड्या होतात.

म्हणून कपाट आवरताना कपड्यांचे चार ढीग करणे व्यवहार्य ठरते. दुर्मिळ आणि शोधले जाणारे कपडे लिलावाला. चांगले पण सर्वत्र मिळणारे ठरलेल्या किमतीला. लहान मुलांचे आणि किरकोळ कपडे जुडग्याने किंवा देणगीला. फाटके, विरलेले पुसण्याला किंवा गोधडीला. पहिला ढीग बहुतेक घरांत सर्वांत लहान निघतो, पण मापे, फोटो आणि वर्णन यांवरचा बराचसा वेळ त्याच ढिगाला द्यावा. नीट मापलेला आणि खरेपणाने वर्णिलेला असा एक कपडा लिलावात विकला गेला, तर त्याचे पैसे उरलेल्या तिन्ही ढिगांच्या मिळकतीपेक्षा जास्त होऊ शकतात.